आधी हात मोजावेत
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी माझा आवाज फार मोठा होता. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात मी जिना उतरायला लागले की आजी खालून म्हणायची, "आली गं बाई नारोशंकराची घंटा!" तेव्हा मला राग यायचा. पुढं आयुष्यभर संगीत शिकवलं, निवृत्त झाले आणि आज घंटेवरच बोलायला बसले आहे. आजी असती तर हसली असती.

नाशिककरांना ही घंटा ठाऊक आहेच. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगते. गोदावरीच्या काठी पंचवटीच्या बाजूला रामेश्वराचं एक देखणं दगडी देऊळ आहे. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधलं. देवाचं नाव रामेश्वर, पण लोकांच्या तोंडी देऊळ नारोशंकराचं. देवळाला भक्कम तट आहे, कोपऱ्यांवर छत्र्या आहेत, आणि नदीच्या बाजूला तटावर ही अवाढव्य घंटा टांगलेली आहे. ती मुळात देवळासाठी ओतलेलीच नाही. ती पोर्तुगीज बनावटीची चर्चची घंटा आहे, साल १७२१. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या. त्यांतली एक नाशिकला आली. दुसरी वाईजवळ मेणवलीला आहे, १७०७ सालची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आजही दिसते. भीमाशंकरला अशीच एक आहे. आणखीही काही देवळांत आहेत.

आमच्या लहानपणी या घंटेचं मोठं काम पुराच्या दिवसांत असायचं. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हे पहिलं माप. घंटेला पाणी लागलं की समजायचं, आता गावाचं काही खरं नाही. १९६९चा महापूर आला तेव्हा आम्ही भावंडं माळ्यावर बसून होतो. मी घंटेचा आवाज येतो का म्हणून कान लावून बसले होते. मला ऐकू आला तो फक्त पाण्याचा आवाज. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. घंटा एकटी असली की ती सूर देत नाही, निरोप देते. पूजेची वेळ झाली, आग लागली, पाणी चढलं. एका घंटेकडून आपण एवढंच मागतो, आणि तेवढं ती चोख करते.

युरोपात चर्चच्या मनोऱ्यात बऱ्याचदा लहानमोठ्या दोन-चार घंटा एकत्र असत. आपल्याकडे त्या आल्या आणि एकेका देवळात एकेकटी टांगली गेली. म्हणजे एक मेळा मोडला आणि त्यातला एकेक गडी एकेका गावाला गेला. गाव बदललं, धर्म बदलला, तसं कामही बदललं. मग मला प्रश्न पडायचा की चार घंटा, आठ घंटा एकत्र असल्या तर त्यांच्याकडून काय वाजवून घ्यावं? हा प्रश्न नुसता मनात राहिला असता. पण २००४ साली तो माझ्या टेबलावर येऊन बसला.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्या वर्षी दिवाळीला आला तेव्हा त्यानं एक खोका माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मावशी, तुझ्या शाळेतल्या मुलांसाठी." खोक्यात आठ घंटा होत्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची मूठ. हातात धरून मनगटानं हलवायची, की एकच सूर निघतो. आठ मिळून सा रे ग म प ध नी आणि वरचा सा. सगळे स्वर शुद्ध. तिकडे याला हँडबेल म्हणतात आणि अशा घंटांचे मोठमोठे वाद्यमेळ असतात, असं त्यानं सांगितलं.

मला फार आनंद झाला. शाळेचं स्नेहसंमेलन दीड महिन्यावर होतं. मी आठ मुलं निवडली, एकेकाच्या हाती एकेक घंटा दिली आणि बिलावलच्या स्वरांतली एक जलद, उडती धून बसवायला घेतली. पेटीवर ती फार छान वाजायची. घंटांवर मात्र पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. पेटीची पट्टी सोडली की सूर थांबतो. घंटेचा थांबत नाही, तो रेंगाळतो. चौथा सूर आला तरी पहिला हवेत असतो. जलद धून म्हणजे सगळी खिचडी. मग मुलांना शिकवलं की आपला सूर झाला की घंटा छातीशी टेकवायची, नाद तिथंच मिटवायचा. मुलांना वाजवण्यापेक्षा थांबवणंच अवघड जात होतं. तरी महिनाभरात ती तयार झाली.

संमेलनाच्या दिवशी सकाळी निरोप आला, गंधारवाल्या मुलीला ताप आहे.

श्रोतेहो, गाण्यात एक मुलगी आली नाही तर आवाज थोडा कमी होतो. लेझमीत एक मुलगा नसला तर रांग जरा आखूड होते. घंटांच्या मेळात एक मूल आलं नाही तर एक सूरच नाहीसा होतो. मी मध्यमवाल्या मुलाच्या दुसऱ्या हातात गंधाराची घंटा दिली. बिचाऱ्यानं ऐनवेळी दोन्ही हातांची अदलाबदल केली. जिथं ग हवा तिथं म, जिथं म हवा तिथं ग. लोक हसले. मुलगा रडला. दोष त्याचा नव्हता, माझा होता. धून मी मला आवडते म्हणून निवडली होती. माझ्याजवळ घंटा किती, हात किती, आणि एक हात कमी पडला तर काय, हे मी मोजलंच नव्हतं.

त्यानंतर मी पहिल्यांदा गेले ती भांडी बाजारात. म्हटलं, आपलं नाशिक तांब्या-पितळेचं गाव, गंधाराची एक जादा घंटा मिळेलच. स्वर जुळवायला सोबत छोटी पेटी नेली होती. पाच-सहा दुकानं पालथी घातली. एका मापाच्या, एका वजनाच्या दोन घंटा हातात घेतल्या तरी दोघींचे सूर वेगळे. शेवटी एका दुकानदारानं विचारलं, "बाई, तुम्हाला घंटा घ्यायचीय की परीक्षा?" त्याचंही बरोबर होतं. आपल्या देवळातली घंटा सुरासाठी ओतलेली नसते. नाद गंभीर हवा, लांबवर जायला हवा, एवढंच तिच्याकडून अपेक्षित असतं. तिला शेजारणीशी जुळवून घ्यायचं नसतंच.

मग ही जुळवून घेणारी घंटा आली कुठून, ते मी वाचायला लागले. ती इंग्लंडमधली. सतराव्या शतकात तिथं मनोऱ्यातल्या घंटा वाजवण्याची एक विलक्षण पद्धत रुळली. सहा घंटा असतील तर सहा माणसं, प्रत्येकाच्या हाती एकेक दोर. आधी सगळ्यात उंच सुरापासून खालपर्यंत ओळीनं वाजवायचं. मग दर फेरीला क्रम बदलायचा, आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. यात गाण्याची चाल नाही, राग नाही, नुसता क्रमांचा खेळ आहे. १६६८ साली लंडनमध्ये यावर 'टिनटिनॅलॉजिया' नावाचं पुस्तकही निघालं. चार घंटांचे २४ क्रम होतात, पाचांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४०, आठांचे ४०,३२०. हे आठ घंटांचे सगळे क्रम मनोऱ्यातल्या घंटांवर एकदाच, १९६३च्या जुलैमध्ये लफबरो इथं आठ जणांनी न थांबता वाजवले. १७ तास ५८ मिनिटं लागली.

आता या सगळ्याचा सराव करायचा तर उंच मनोऱ्यात, कडाक्याच्या थंडीत उभं राहायचं आणि साऱ्या गावाची झोप मोडायची. म्हणून वादकांनी हातात मावतील अशा लहान घंटा करून घेतल्या आणि घरात, शेकोटीजवळ बसून सराव सुरू केला. ऑल्डबोर्न गावच्या रॉबर्ट आणि विल्यम कोर या भावांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस या घंटांची रचना पुष्कळ सुधारली. लोलक सैल लोंबकळत न ठेवता तो एकाच रेषेत हलेल असा बसवला, म्हणजे आघात हवा तेव्हाच होतो. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की या घंटांवर गाण्याच्या चालीही वाजवता येतात. एकोणिसाव्या शतकात लँकेशायर, यॉर्कशायर भागात असे मेळ गावोगाव झाले. त्यातला एक मेळ बार्नम या तमाशेवाल्यानं १८४०च्या दशकात अमेरिकेत नेला आणि त्यांना स्वित्झर्लंडचा पोशाख घालून 'स्विस घंटावादक' म्हणून उभं केलं! अमेरिकेत हे वेड चांगलंच रुजलं. १९५४ साली तिथं घंटावादकांची राष्ट्रीय संघटना निघाली.

या वाचनात माझ्या उपयोगाची एक गोष्ट सापडली. तिकडे घंटांसाठी छापलेल्या संगीताच्या सुरुवातीलाच या धुनेला कोणकोणत्या घंटा लागतील ते स्वरलेखनात मांडून दाखवलेलं असतं. आधी घंटा मोजा, माणसं मोजा, मग पान उलटा. कोमल-तीव्र धरून दोन सप्तकांना २५ घंटा लागतात, तिथं सात-आठ माणसं पुरतात. तीन सप्तकांना ३७ घंटा आणि साधारण अकरा माणसं. पाच सप्तकांना ६१ घंटा आणि तेरा ते पंधरा माणसं. माणसं चारच असतील तर एका हातात दोन-दोन घंटा धरायची वेगळी रीत आहे, आणि त्यांच्यासाठी संगीतही वेगळंच लिहिलेलं असतं. मोठ्या मेळाचं संगीत लहान मेळानं वाजवायला घेतलं तर मधले सूर गळतात. लहान मेळाचं मोठ्यानं घेतलं तर अर्धी माणसं उभी राहतात. दोन्हींत फजिती.

हे आकडे वाचताना मला मात्र दुसरंच काहीतरी आठवत होतं. ५०४० हा आकडा मी कुठंतरी आधी पाहिला होता. कपाटातून जुनं पुस्तक काढलं आणि सापडला. 'संगीतरत्नाकर'! तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं हा ग्रंथ लिहिला. देवगिरी म्हणजे आजचं दौलताबाद, छत्रपती संभाजीनगरजवळचं. शार्ङ्गदेवाचं घराणं मूळ काश्मीरचं, आणि दरबारात तो जमाखर्चाचं काम पाहत असे. बहुधा म्हणूनच त्याला मोजायची हौस होती. एका स्वराचा एक क्रम, दोनांचे दोन, तिघांचे सहा, चारांचे २४, आणि असं करत सातांचे ५०४०. नुसती संख्या देऊन तो थांबत नाही. अमुक क्रमांकावर कोणता स्वरक्रम येईल, आणि अमुक स्वरक्रम कितव्या क्रमांकाचा, हे कोष्टकावरून काढायची रीतही तो देतो. इंग्लंडमधल्या घंटावादकांच्या चारशे वर्षं आधी, आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात!

पण अभिमानात फार वेळ रमायला नको. कारण शार्ङ्गदेवाला आणि त्या इंग्रज वादकांना जे दिसलं त्यातली खरी शिकवण वेगळी आहे. सूर सात असले तरी प्रत्येक वेळी सातही वापरायचे नसतात. चार सुरांचं आपलं एक जग असतं, पाच सुरांचं वेगळं असतं. संख्या कमी झाली म्हणजे संगीत अपुरं झालं, असं नाही. ते दुसरं संगीत झालं.

मग मी पुन्हा ते आठ घंटांचं खोकं काढलं आणि वहीत कोष्टक मांडलं. या वेळी हातांवरून सुरुवात केली.

तीनच मुलं आली तर? सा, प आणि वरचा सा. यात धून होत नाही, पण तंबोरा होतो. प, सा, सा, खालचा सा, असं संथ फिरत ठेवायचं आणि बाकीच्यांनी वर गायचं. घंटेचा रेंगाळणारा नाद, ज्यानं माझी जलद धून बुडवली, तोच इथं कामाला येतो.

पाच मुलं असली तर भूप. सा रे ग प ध. यात लागोपाठचे दोन सूर कमी येतात, म्हणून एकाचा नाद दुसऱ्यात मिसळला तरी कानाला खुपत नाही. याच पाचांत वरच्या साची सहावी घंटा घातली आणि गंधाराला सा मानलं, तर मालकंसाचे स्वर हाती येतात, मंद्र धैवतापासून मध्य धैवतापर्यंत. घंटा त्याच, मुलं तीच, फक्त घर बदललं. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. मुलांना हा शब्द सांगितला तेव्हा ती जमिनीवर पडून दाखवत होती!

एक खरं सांगायला हवं. घंटांवर राग वाजत नाही, रागाचे स्वर वाजतात. मींड नाही, आंदोलन नाही. त्यामुळे दरबारीसारखं काही मनातही आणू नये. लोकगीताच्या, भजनाच्या, कवायतीच्या सरळ चाली निवडाव्यात. आणि मोठ्या घंटेची आणखी एक गंमत आहे. चर्चच्या घंटेत मूळ सुराबरोबर कोमल गंधाराचाही नाद मिसळलेला असतो. म्हणूनच तिचा आवाज आपल्याला जरा उदास वाटतो. हातातल्या इंग्रजी घंटा घडवताना कारागिरांनी तो टाळला आणि वरच्या सप्तकातला पंचम पुढे आणला. म्हणून त्या एकमेकींत गोड मिसळतात.

मुलं आठपेक्षा जास्त असली तर मी घंटा वाढवत नसे. आठ घंटा, दोन टाळ, बाकीचे गाणारे. दिंडीत नाही का, टाळकरी पुष्कळ, पण पखवाज मोजके आणि वीणा एकच. सगळ्यांच्या हाती एकच वाद्य असायला हवं, असा कुठं नियम आहे?

आणि ज्या प्रसंगानं माझी फजिती झाली, तो पुन्हा आलाच. पुढच्या वर्षी एका कार्यक्रमाच्या दिवशी गंधारवाली मुलगी पुन्हा गैरहजर. या वेळी मी घाबरले नाही. ग नाही? मग निषादालाही विश्रांती. राहिले सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. त्याचीही एक छोटी धून आम्ही बसवून ठेवली होती. ती अशी वाजली की कुणी गैरहजर आहे हे ऐकणाऱ्यांना कळलंही नाही.

मी खूश होते. पण कार्यक्रम संपल्यावर निषादाची घंटा ज्याच्याकडे होती तो मुलगा माझ्याजवळ आला. अगदी अबोल मुलगा. म्हणाला, "बाई, भूपात मी नसतो. दुर्गातपण नसतो. मग मी कधी असतो?"

श्रोतेहो, माझं सगळं कोष्टक त्या एका प्रश्नानं अपुरं ठरवलं. मी घंटा मोजल्या, हात मोजले, पण ते हात कुणाचे हे पाहिलं नव्हतं. सोयीचे राग निवडता निवडता वर्षभर एका मुलाला नुसतं उभं केलं होतं. त्याच्या हातात घंटा होती आणि ती छातीशी धरलेली होती.

त्या रात्री मी हंसध्वनी काढला. सा रे ग प नी. मुळात कर्नाटक संगीतातला राग. आपल्याकडे तो रुजवण्यात मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांचा मोठा वाटा. या रागात म नाही, ध नाही, पण निषादावाचून पान हलत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितलं, "आता तू थांबलास तर सगळे थांबतील." त्यानं धून आठ दिवसांत पाठ केली. नंतर तो वर्गातही बोलायला लागला. त्याचं श्रेय हंसध्वनीला द्यायचं की वयाला, ते मला ठरवता येत नाही.

त्यानंतर मी एक नियम पाळला. कार्यक्रमासाठी धुना निवडायच्या त्या एक-एक करून नाही, सगळ्या मिळून. एका धुनेत काही घंटा गप्प राहणारच. पण सगळ्या धुना मिळून पाहिलं तर एकही हात रिकामा राहता कामा नये. हा नियम मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. तो मला पाचवीतल्या मुलानं शिकवला.

आजही गोदाघाटावर गेले की मी नारोशंकराच्या घंटेकडे पाहते. अडीचशेहून जास्त वर्षं ती तिथं एकटी आहे. तिच्या जोडीदारणी कुठं कुठं विखुरल्या आहेत. तिच्याकडून कुणी धून मागितली नाही, आणि तिनं दिली नाही. तिच्या वाट्याला आलं ते एकट्या घंटेचं काम, गावाला जागं करण्याचं. ते तिनं असं केलं की तिच्यामुळे देऊळ ओळखलं जाऊ लागलं आणि मोठ्या आवाजाच्या मुलींना तिचं नाव मिळालं.

तुमच्या घरात, गल्लीत, शाळेत कधी चार-पाच मुलं काही वाजवायला जमली, तर त्यांच्या हाती काय आहे ते आधी पाहा. दोन टाळ असतील, एक खंजिरी असेल, स्वयंपाकघरातली वाटी-चमचा असेल. हात मोजा. आणि मोजून झालं की मागच्या रांगेत कोण उभं आहे, तेही पाहा. गाणं त्यानंतर ठरवा.